युद्ध पुकारलं, पण लढाई कुठे? १९३९-४० च्या आठ महिन्यांचा हिशेब

१९ मे १९३९ रोजी पॅरिसमध्ये एका कागदावर सह्या झाल्या. फ्रान्सकडून सरसेनापती मोरिस गामलां, पोलंडकडून युद्धमंत्री जनरल कास्प्शित्स्की. जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला तर फ्रान्स काय करेल, हे त्यात टप्प्याटप्प्यानं लिहिलं होतं. विमानं लगेच उडतील. तिसऱ्या दिवसापासून सरहद्दीवर मर्यादित चढाई सुरू होईल. आणि जमवाजमवीचा, म्हणजे राखीव सैनिक बोलावून फौज उभी करण्याचा, पंधरावा दिवस उलटला की फ्रेंच सैन्याचा मुख्य भाग जर्मनीवर तुटून पडेल.

१ सप्टेंबरला हल्ला झाला. २ सप्टेंबर हा फ्रेंच जमवाजमवीचा पहिला दिवस. ३ सप्टेंबरला सकाळी ११ वाजता ब्रिटननं दिलेली मुदत संपली, संध्याकाळी ५ वाजता फ्रान्सनं दिलेली. दोन्ही देश रीतसर युद्धात उतरले. पंधरावा दिवस १६ सप्टेंबरला आला आणि गेला. १७ तारखेच्या पहाटे पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या, तेव्हा फ्रेंच सैन्याचा मुख्य भाग होता तिथेच होता. पुढे १० मे १९४० पर्यंत, म्हणजे युद्ध पुकारल्यापासून आठ महिने आणि वर एक आठवडा, तो तिथेच राहिला.

या काळाला प्रत्येकानं आपापलं नाव दिलं. अमेरिकी सिनेटर विल्यम बोरा यांनी या युद्धात काहीतरी ‘फोनी’, म्हणजे बनावट असल्याचं म्हटलं आणि इंग्रजीत ‘फोनी वॉर’ रूढ झालं. फ्रेंचांनी ‘द्रोल द गेर’ म्हटलं, विचित्र युद्ध. जर्मनांनी ‘झिट्सक्रीग’, बसल्या जागेचं युद्ध. आपल्याकडे ‘लुटुपुटुची लढाई’ हा शब्द तयारच आहे, पण तो इथे फसवा आहे. लुटुपुटुच्या लढाईत कुणालाच खरं लढायचं नसतं. इथे दोन्ही बाजूंना लढायचं होतं, फक्त आत्ता नको होतं. ‘नंतर’ लढणं आपल्याच फायद्याचं आहे, असं मित्रराष्ट्रांनी ठरवलं होतं. हिटलरला घाई होती, पण त्याच्या सेनापतींना नव्हती, आणि हवामानही त्यांच्या मदतीला आलं.

सही एका मिनिटाची, फौज पंधरा दिवसांची

युद्धाची घोषणा हे मंत्रिमंडळाचं काम, ते एका सहीनं होतं. फौज मात्र वेळापत्रकावर चालते, आणि फ्रान्सचं वेळापत्रक असं बांधलेलं होतं की घोषणेनंतरचे पहिले दोन आठवडे त्यांच्या हातात धड फौजच नसे. हे कसं, ते विरजणाच्या उदाहरणानं चटकन कळतं.

फ्रान्सची शांतताकाळातली खडी फौज लढण्यापेक्षा विरजणासारखी वापरायची होती. जमवाजमवीचा हुकूम सुटला की खड्या फौजेची एक रेजिमेंट फुटायची आणि तिच्यातून तीन व्हायच्या. पहिलीत तरुण सैनिक आणि नियमित अधिकारी जास्त. दुसरीत, ‘अ’ श्रेणीत, नुकतेच सेवेतून सुटलेले राखीव सैनिक आणि थोडे नियमित अधिकारी. तिसरीत, ‘ब’ श्रेणीत, तिशी-पस्तिशी ओलांडलेले संसारी लोक आणि नावापुरते नियमित अधिकारी. विरजण लावल्यावर दही होईपर्यंत हातात दूधही नसतं आणि दहीही नसतं. तसंच इथे होतं. जुनी रेजिमेंट मोडलेली, नव्या तिन्ही अजून जमायच्या.

त्यात राखीव माणूस गावाहून रेल्वेनं केंद्रावर येणार, गणवेश आणि रायफल घेणार, शेतकऱ्यांकडून घोडे ताब्यात घेतले जाणार. अवजड तोफा गोदामांत झाकून ठेवलेल्या, त्या बाहेर काढून, चालवणारी माणसं जुळवून, रेल्वेनं सरहद्दीवर आणायच्या. आणि अवजड तोफांशिवाय फ्रेंच सेनापती तटबंदीवर चालून जायला तयार नव्हते. मुळात पंधरा दिवसांचा आकडा आला तो या हिशेबातून.

हुकमाचा आणखी एक फटका बसला, तो कारखान्यांना. कुशल कामगारही राखीव सैनिकच होते. फिटर, टर्नर, वेल्डर सगळे गणवेशात गेले आणि रणगाड्यांच्या, विमानांच्या कारखान्यांतली यंत्रं बंद पडायची वेळ आली. मग याद्या काढून त्यांना आघाडीवरून परत बोलवावं लागलं. परत गेलेला कामगार आणि खंदकात राहिलेला त्याच्याच गावचा शेतकरी यांच्यात पगारावरून आणि जोखमीवरून जी तेढ आली, ती वेगळीच.

ब्रिटनचं चित्र आणखी साधं होतं: पाठवायला फारसं काही नव्हतंच. सक्तीची लष्करभरती त्यांनी १९३९ च्या वसंतात सुरू केली होती. ११ ऑक्टोबरपर्यंत फ्रान्समध्ये १,५८,००० ब्रिटिश सैनिक पोचले होते आणि लढाऊ डिव्हिजन, म्हणजे काही हजार सैनिकांच्या मोठ्या तुकड्या, फक्त चार होत्या. हे सगळं सुरळीत पार पडलं, एकही माणूस वाटेत गमावला नाही. पण तोवर पोलंडची शेवटची मोठी तुकडीही, ६ ऑक्टोबरला, शरण गेली होती.

सारची चढाई: गेले, पाहिलं, परतले

करारातल्या दुसऱ्या टप्प्यातलं मात्र फ्रान्सनं काहीतरी केलं. ७ सप्टेंबरला फ्रेंच तुकड्या जर्मनीच्या सार भागात शिरल्या. ही चढाई बारकाईनं बघण्यासारखी आहे, कारण पुढच्या आठ महिन्यांचं सगळं दुखणं तिच्यात दिसतं.

पहिली अडचण नकाशाची. बेल्जियम १९३६ पासून तटस्थ, लक्झेंबर्ग तटस्थ, आणि ऱ्हाइन नदी ओलांडणं अवघड. फ्रान्सला जर्मनीत शिरायला उरत होती ती ऱ्हाइन आणि मोझेल या नद्यांमधली दीडेकशे किलोमीटरची पट्टी. जर्मनांनी आपली झिगफ्रीड तटबंदी नेमकी तिथेच सर्वांत जाड केली होती. थोडक्यात, भिंतीत दार एकच आणि कुलूपही त्यालाच.

दुसरी अडचण पद्धतीची. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक गेले होते. त्यातून त्यांनी जी युद्धपद्धत बेतली, तिचं सूत्र होतं तोफांनी जमीन जिंकायची, पायदळानं ती ताब्यात घ्यायची. पायदळ आपल्या तोफांच्या पल्ल्याइतकंच पुढे जाणार. मग थांबणार. तोफा पुढे आणणार, टेलिफोनच्या तारा टाकणार, दारूगोळ्याचा साठा करणार, आणि मगच पुढचं पाऊल. ही पद्धत माणसं वाचवते. वेळ मात्र खाते.

तिसरी अडचण सुरुंगांची. जर्मनांनी मागे हटताना वाटा, घरांची दारं, झाडांमधल्या पायवाटा सुरुंगांनी पेरून ठेवल्या होत्या, आणि फ्रेंचांकडे सुरुंग शोधायची पुरेशी साधनं नव्हती. सारब्रुकेनच्या आसपास फ्रेंच जास्तीत जास्त आठ किलोमीटर आत गेले, डझनभर रिकामी गावं आणि वार्न्टच्या जंगलाचा तुकडा घेतला. झिगफ्रीड तटबंदीला त्यांनी हात लावलाच नाही.

१२ सप्टेंबरला आबव्हिल इथे ब्रिटिश-फ्रेंच सर्वोच्च युद्धमंडळाची पहिली बैठक झाली. पोलंडला वाचवणं आता शक्य नाही, तेव्हा मोठी चढाई नको, असं तिथे ठरलं. पोलंडला हे कुणी सांगितलं नाही. उलट गामलां यांनी पोलिश सरसेनापतींना कळवलं होतं की आपल्या निम्म्याहून अधिक डिव्हिजन शत्रूशी भिडलेल्या आहेत. ते खरं नव्हतं. वॉर्सा २८ सप्टेंबरला पडलं आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फ्रेंच तुकड्याही घेतलेली गावं सोडून फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या माजिनो तटबंदीमागे परतल्या. पोलंडच्या तोंडाला पानं पुसली गेली ती अशी: करार मोडला असं कुणी म्हणालं नाही, फक्त त्याचा अर्थ बारीक होत गेला.

त्या वेळी खरंच जोर लावला असता तर काय झालं असतं? जर्मनीचे जनरल योडल यांनी पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात सांगितलं की १९३९ मध्ये आम्ही कोसळलो नाही, कारण पश्चिमेकडे सुमारे ११० फ्रेंच-ब्रिटिश डिव्हिजन आमच्या २३ डिव्हिजनपुढे निष्क्रिय बसून राहिल्या. हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं, पण आकडे जपून घ्यायला हवेत. सप्टेंबरमध्ये ब्रिटनची एकही डिव्हिजन आघाडीवर नव्हती आणि जर्मनांच्या कागदावर तिथे तीस-चाळीस डिव्हिजन होत्या. मात्र त्यांतल्या डझनभरच पक्क्या फौजेच्या. बाकीच्या अर्धवट शिकवलेल्या, आणि रणगाडे सगळे पोलंडमध्ये. म्हणजे सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे दार खरोखर किलकिलं होतं. पण त्यातून घुसायला जी फौज लागते, पंधरा दिवस न थांबता निघणारी, ती फ्रान्सनं उभीच केली नव्हती. फ्रेंच लष्करी अधिकारी चार्ल्स द गॉल यांनी १९३४ पासून अशा यांत्रिक, पूर्णवेळ फौजेचा आग्रह धरला होता. तो कुणी मनावर घेतला नाही.

वेळ आपल्या बाजूची आहे, हे गणित

यामागे भित्रेपणा होता, असं सरसकट म्हटलं जातं. कागदावरचं गणित तितकं वाईट नव्हतं.

ब्रिटन आणि फ्रान्सकडे समुद्र होता, वसाहती होत्या, सोनं होतं. जर्मनीकडे तेल नव्हतं, रबर नव्हतं, आणि लोखंडाच्या खनिजासाठी ती स्वीडनवर अवलंबून होती. नाकेबंदी करायची, जर्मनीला उपासमारीत ढकलायचं, मधल्या काळात विमानं आणि रणगाडे वाढवायचे आणि १९४१-४२ मध्ये निर्णायक हल्ला करायचा, अशी ही योजना. अमेरिकेनं ४ नोव्हेंबर १९३९ ला कायदा बदलून युद्धात उतरलेल्या देशांना शस्त्रं विकायची परवानगी दिली. अट एकच: रोख पैसे द्या आणि आपल्या जहाजातून न्या. जर्मनीला ना रोख शक्य होतं ना जहाज, म्हणजे व्यवहारात हा माल मित्रराष्ट्रांसाठीच होता. पण तिजोरीतले डॉलर मोजकेच, त्यामुळे ते जपून, हप्त्याहप्त्यानं खर्च करायचे. सावकाश जाण्याचं हेही एक कारण.

गणित चुकलं ते गळतीमुळे. पूर्वेकडचं दार उघडंच राहिलं. ११ फेब्रुवारी १९४० च्या व्यापारी कराराने सोव्हिएत युनियनकडून धान्य, तेल, मँगनीज जर्मनीला मिळू लागलं. इटली तटस्थ होता, तिथून माल आत जात होता. स्वीडनचं लोखंड हिवाळ्यात नॉर्वेच्या नार्विक बंदरातून किनाऱ्याकिनाऱ्यानं तटस्थ पाण्यातून जर्मनीत पोचत होतं. ते अडवायचं कसं, यावर लंडन-पॅरिसमध्ये महिनोन्‌महिने खल चालला. सोव्हिएत फौजांनी ३० नोव्हेंबरला फिनलंडवर हल्ला केला तेव्हा फिनलंडच्या मदतीच्या निमित्तानं खाणींवर ताबा मिळवायची कल्पना निघाली. फौज तयार होईपर्यंत १२ मार्चला फिनलंडनं तह केलासुद्धा.

हवेत काय चाललं होतं? ३ सप्टेंबरच्या रात्री दहा ब्रिटिश व्हिटली बॉम्बर विमानं जर्मनीवर गेली आणि त्यांनी टाकले कागद, पन्नास लाखांहून अधिक पत्रकं. विमानाच्या आत जिवघेणी थंडी, हातमोजे काढून गठ्ठे सोडायचे आणि फ्लेअर टाकायच्या नळीतून बाहेर ढकलायचे. पुढे ब्रिटिश बॉम्बर दलाचे प्रमुख झालेले आर्थर हॅरिस यांनी नंतर खवचटपणे लिहिलं की यातून युरोपची पाच वर्षांची शौचालयातल्या कागदाची गरज भागली एवढंच. बॉम्ब न टाकण्यामागे कारणं होती. नागरी वस्त्यांवर बॉम्ब टाकू नयेत असं आवाहन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १ सप्टेंबरला केलं होतं आणि अमेरिकेला दुखवायचं नव्हतं. फ्रान्सची विमानदलं अशक्त होती, त्यामुळे ‘तुम्ही जर्मनीवर टाकाल आणि सूड आमच्या शहरांवर उगवला जाईल’ ही पॅरिसची भीती होती. जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट हे जंगल जाळायची सूचना आली तेव्हा ब्रिटनच्या हवाईमंत्र्यांनी ती खासगी मालमत्ता असल्याची हरकत घेतली, असा किस्सा सांगितला जातो. जिथे बॉम्ब टाकायला परवानगी होती, म्हणजे लढाऊ जहाजांवर, तिथे तोंड पोळलं. १८ डिसेंबरला हेलिगोलंडच्या उपसागरावर भर दिवसा पोचलेल्या २२ वेलिंग्टन बॉम्बर विमानांपैकी १२ पडली. ‘बॉम्बर विमानांचा ताफा स्वतःचं रक्षण स्वतः करतो’ हा सिद्धांत त्या दुपारी बुडाला आणि ब्रिटिश बॉम्बर रात्रीच्या उड्डाणांकडे वळले.

समुद्रावर मात्र पहिल्या दिवसापासून खरं युद्ध होतं. ३ सप्टेंबरच्याच संध्याकाळी ‘अथेनिया’ हे प्रवासी जहाज पाणबुडीनं बुडवलं. १७ सप्टेंबरला ‘करेजस’ ही विमानवाहू नौका पाचशेहून अधिक माणसांसह गेली. १४ ऑक्टोबरला पाणबुडी थेट स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या मुख्य तळात शिरली आणि ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवून आठशेहून अधिक माणसं मारून परतली. सर्वांत जास्त डोकेदुखी चुंबकीय सुरुंगांची. जहाज त्याला धडकत नाही. पोलादी सांगाड्याचं चुंबकत्व जवळून गेलं की तळाशी पडलेला सुरुंग फुटतो. २३ नोव्हेंबरला थेम्सच्या मुखाशी शूबरीनेसच्या चिखलात, ओहोटीच्या वेळी, असा एक सुरुंग सापडला. लेफ्टनंट कमांडर ऊव्हरी यांनी चुंबकत्व नसलेल्या धातूची खास हत्यारं बनवून घेतली आणि तो उघडला. उपाय तीनेक आठवड्यांत निघाला: जहाजाभोवती तांब्याची केबल फिरवायची, तिच्यातून वीज सोडायची, की जहाजाचं चुंबकत्व मारलं जातं. थांबलेल्या महिन्यांचा असा चोख उपयोग मित्रराष्ट्रांनी थोड्याच ठिकाणी केला, त्यांतलं हे एक.

घरी बसलेलं युद्ध

ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख माणसं, बहुतेक शाळकरी मुलं आणि लहान मुलांच्या आया, सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत शहरांतून खेड्यांत हलवली गेली. बॉम्ब पडलेच नाहीत, आणि जानेवारीपर्यंत त्यांतली निम्म्याहून अधिक घरी परतली. ब्लॅकआउटमध्ये रस्त्यावरच्या अपघातांतले मृत्यू पहिल्या महिन्यात जवळजवळ दुप्पट झाले. त्या शरद ऋतूत लंडनकराला जर्मन विमानापेक्षा अंधारातली बस जास्त धोक्याची होती. ८ जानेवारी १९४० पासून रेशन सुरू झालं: माणशी आठवड्याला चार औंस लोणी, चार औंस बेकन, बारा औंस साखर. फ्रान्समधल्या ब्रिटिश फौजेचा लढताना मेलेला पहिला सैनिक ९ डिसेंबरचा, म्हणजे युद्ध पुकारून तीन महिने होऊन गेल्यावरचा.

फ्रान्सनं ऱ्हाइनकाठचं स्ट्रासबुर्ग पहिल्या दोन दिवसांत रिकामं केलं आणि तिथली माणसं नैर्ऋत्येकडच्या दोर्दोन्य भागात नेली. जर्मन भाषेच्या वळणाची बोली बोलणारे हे लोक तिथल्या खेड्यांना परकेच वाटायचे. नदीच्या पलीकडून जर्मन ध्वनिक्षेपक फ्रेंचमध्ये ओरडायचे की तुम्ही गोळी झाडली नाहीत तर आम्हीही झाडणार नाही. जर्मन काठावर मालगाड्या फ्रेंच तोफांच्या पल्ल्यात धावत असत आणि कुणी तोफ डागत नसे. सैनिकांचा वेळ जावा म्हणून सरकारनं फुटबॉल, नाटकमंडळ्या आणि गरम वाइनची सोय केली. कंटाळा हा शब्द फार सौम्य आहे. आपण इथे का आहोत याचं उत्तर पोलंडबरोबर संपलं होतं आणि नवं कुणी दिलं नव्हतं.

या युद्धाशी आपला संबंध पहिल्याच दिवशी जोडला गेला. ३ सप्टेंबरलाच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही भारतीय पक्षाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. २ ऑक्टोबरला मुंबईत कामगारांनी युद्धाविरोधात एक दिवसाचा संप केला, त्यात प्रामुख्यानं गिरणी कामगार होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाळासाहेब खेर यांच्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि राज्यपालांची राजवट आली. म्हणजे ज्या काळात पश्चिम आघाडीवर काही घडत नव्हतं, त्याच काळात त्या घोषणेनं मुंबईतलं निवडून आलेलं सरकार घालवलं होतं.

आणि त्या बसून राहिलेल्या आघाडीवर भारतीयही होते. यंत्रांच्या मागे लागून ब्रिटिश लष्करानं आपली जनावरं कमी केली होती. उत्तर फ्रान्सच्या पावसाळी चिखलात ट्रक रुतू लागतील ही धास्ती होती, म्हणून हिंदुस्थानकडे खेचरं मागितली. चार खेचर-कंपन्या, बहुतेक पंजाबी मुसलमान जवान, डिसेंबर १९३९ मध्ये मार्सेय बंदरात उतरल्या आणि त्या कडाक्याच्या हिवाळ्यात उत्तरेला गेल्या. पुढे त्यांतल्या बहुतेकांना खेचरं मागे सोडून डंकर्कचा किनारा गाठावा लागला. एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली.

पलीकडे काय चाललं होतं

जर्मनीही थांबली होती, पण आपखुषीनं नाही. वॉर्सा पडताच हिटलरला पश्चिमेवर हल्ला हवा होता आणि तारीख ठरली १२ नोव्हेंबर. त्याचे सेनापती हादरले. दोनशेहून अधिक रणगाडे पोलंडमध्ये निकामी झाले होते, ट्रक खिळखिळे झाले होते, दारूगोळ्याची कोठारं रिकामी होत आली होती. शिवाय तो हिवाळा युरोपातल्या अतिशय कडक हिवाळ्यांपैकी. ढगांत विमानं उडत नाहीत आणि विमानांशिवाय जर्मन पद्धत लंगडी. हल्ल्याची तारीख एकूण २९ वेळा पुढे ढकलली गेली.

आता फरक कुठे पडला ते बघा. जिंकलेल्या मोहिमेनंतरही जर्मन लष्करी मुख्यालयानं प्रत्येक तुकडीकडून काय चुकलं याचे अहवाल मागवले. पायदळ चढाईत बिचकतं, रस्त्यांवर वाहनांची कोंडी होते, वायरलेसचा मेळ बसत नाही, असं खाली-वर सगळीकडून स्पष्ट लिहून आलं. त्यावर हिवाळाभर सराव बसवला. चार ‘हलक्या’ डिव्हिजनमध्ये रणगाडे फार कमी आणि ट्रक फार जास्त पडतात असं दिसलं, म्हणून त्या चारही पूर्ण रणगाडा-डिव्हिजनमध्ये बदलल्या. त्यांतली सातवी फेब्रुवारीत एर्विन रोमेलकडे गेली. मे महिन्यात अशा दहा डिव्हिजन तयार होत्या.

मूळ योजना मात्र साधारणच होती: बेल्जियममधून सरळ पश्चिमेला. ती बदलायला एक अपघात कारणी लागला. १० जानेवारी १९४० ला मेजर राइनबर्गर कोलोनला बैठकीसाठी निघाले होते. रेल्वेचा कंटाळवाणा प्रवास टाळायला आदल्या रात्री क्लबमध्ये भेटलेल्या एका वैमानिक मेजरचं आमंत्रण त्यांनी घेतलं. धुक्यात विमान वाट चुकलं, इंजिन बंद पडलं आणि ते बेल्जियममध्ये म्यूज नदीजवळ मेखेलेनपाशी उतरलं. राइनबर्गरच्या पिशवीत हल्ल्याचे कागद होते. त्यांनी एका शेतकऱ्याकडे काडेपेटी मागून झुडपाआड ते पेटवले, तोवर बेल्जियन शिपाई आले. चौकीत नेल्यावर त्यांनी उरलेले कागद शेगडीत कोंबले आणि बेल्जियन कॅप्टननं हात भाजून घेत ते बाहेर ओढले. अर्धवट जळालेल्या पानांतूनही बेत कळण्यासारखा होता.

मित्रराष्ट्रांनी यावरून ताडलं की हल्ला बेल्जियममधूनच येणार, आणि आपली उत्तम फौज तिकडे धाडायचा आपला बेत आणखी पक्का केला. जर्मनांनी नेमकं उलट केलं. जनरल एरिख फोन मानश्टाइन यांचा आर्देन जंगलातून सेदां या फ्रेंच शहरावर घाव घालायचा आराखडा वरिष्ठांनी दाबून ठेवला होता. १७ फेब्रुवारीला त्यांनी तो थेट हिटलरला समजावला. आठवड्याभरात नवी योजना लागू झाली. म्हणजे हिटलरच्या मनाप्रमाणे नोव्हेंबरमध्ये हल्ला झाला असता तर तो मित्रराष्ट्रांच्या अपेक्षेबरहुकूम झाला असता. आठ महिन्यांच्या या शांततेतून सर्वांत मोठी देणगी मिळाली ती जर्मनीला, आणि ती तिनं मागितलेलीही नव्हती.

घोषणा आणि लढाई यांत असं अंतर पडणं यात नवल काहीच नाही. १८५४ मध्ये ब्रिटन-फ्रान्सनं रशियाशी मार्चअखेर युद्ध पुकारलं आणि क्रिमियात पाऊल ठेवलं सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात वार्नाच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं मेली. १९१७ मध्ये अमेरिका एप्रिलमध्ये युद्धात आली तेव्हा तिची खडी फौज सव्वा लाखाच्या आसपास होती. फ्रान्समधल्या कांतिन्यीवर तिचा पहिला मोठा हल्ला व्हायला मे १९१८ उजाडलं. १७७८-७९ च्या प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धात तर लढाया नगण्य, दोन्ही फौजा बोहेमियातल्या शेतांतले बटाटे उकरत फिरल्या, म्हणून त्याचं नावच ‘बटाट्याचं युद्ध’ पडलं. १९१७ ची अमेरिका वेळ काढत होती आणि तो वेळ फौज उभारण्यात जात होता. क्रिमियातली फौज वेळ काढत होती आणि आजारी पडत होती. १९३९ च्या फ्रान्सनं दोन्ही थोडंथोडं केलं.

ब्रिटिश फौजेचं बघा. हिवाळाभर तिनं बेल्जियमच्या सरहद्दीवर खंदक खणले, काँक्रीटची शेकडो ठाणी बांधली. त्या ठाण्यांची गती फार मंद आहे अशा टीकेवरून युद्धमंत्री होर-बेलिशा आणि सेनापती यांच्यात इतकं फाटलं की जानेवारीत मंत्र्यांना जावं लागलं. १० मेला हल्ला झाला तेव्हा ठरल्याप्रमाणे फौज ही सगळी ठाणी सोडून बेल्जियममध्ये शंभर किलोमीटर पुढे गेली.

सेदांला म्यूज नदीच्या काठी बसवल्या होत्या ‘ब’ श्रेणीच्या राखीव डिव्हिजन, विरजणाच्या तिसऱ्या भांड्यातल्या. हा भाग सुरक्षित मानलेला. आर्देनच्या जंगलातून रणगाडे येणार नाहीत, असा समज. त्यांचा हिवाळा प्रशिक्षणापेक्षा बांधकामात गेला, आणि कडाक्याच्या थंडीत काँक्रीटचं कामही रखडलं. मार्चमध्ये खासदार प्येर तेतांजे यांनी तिथली पाहणी करून संरक्षण अगदीच कच्चं असल्याचा अहवाल दिला. त्या भागाच्या सेनापतींनी उत्तर पाठवलं की सेदांसाठी तातडीनं काही करण्याची गरज दिसत नाही. १३ मेला दुपारी जर्मन विमानांनी तो काठ भाजून काढला आणि संध्याकाळी पायदळ रबरी होड्यांतून पलीकडे उतरलं, तेव्हा नदीकाठच्या अनेक ठाण्यांना अजून दारं बसवायची होती.